काढताना दिसलं नाही

९ जानेवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

"काही दिवस फोन करू नका, आई," असं तू जाताना म्हणालीस. पत्राबद्दल काही बोलली नाहीस. मी त्यावर बरेच दिवस विचार केला आणि पत्राला हरकत नाही, असा निकाल दिला. वकील झाले असते तर बरी चालले असते.

उत्तर पाठवायची गरज नाही. तू गेलीस म्हणून रोजचा फोटो थांबला नाही, एवढंच कळवायचंय. दिवसाला एकच काढायचा आणि फसला तरी पुसायचा नाही, हा तुझा नियम मी पाळते आहे. कॅमेराही तोच, तू माझ्या गळ्यात अडकवलेला. लाँड्रीच्या दुकानातले आमचे इस्त्रीवाले म्हणतात, "मोबाइलवर काढा की, कशाला तो ठोकळा डोळ्याला लावता?" पण मला त्या भोकातून बघायलाच आवडतं. एक डोळा मिटला, दुसरा भोकाला लावला की सगळा पसारा गायब होतो. घरात चार माणसांचं उष्टं-खरकटं पडलेलं असलं तरी त्या भोकात फक्त एक कप असतो. चार नाही, तीन. सवय जात नाही.

पूर्वी आपण जेवणं झाली की टेबलाशी बसून एकमेकींचे फोटो बघायचो. आता मी यांना दाखवते. हे सगळ्याला "छान" म्हणतात. परवा चुकून फरशीचा निघाला, त्यालाही छान म्हणाले.

गल्लीच्या टोकाला फोटो छापून देणारी बाई आहे ना, तिच्याकडून तीन छापून घेतलेत. पहिला आहे दुधाच्या दाताचा. एक गृहस्थ कोट धुवायला टाकून गेले. आम्ही खिसे तपासतो, तर घडी केलेल्या कागदात एवढासा दात. मी तो काउंटरवर ठेवून फोटो काढते आहे तोवर गृहस्थ धापा टाकत परत. "माझ्या मुलीचा आहे हो, तिला काय सांगणार होतो मी!" डावीकडे झाडूचा दांडा घुसलाय, तिकडे बघू नकोस.

दुसरा दुकानातल्या पांढऱ्या कोटांच्या रांगेचा. तिसरा यांचा, खिडकीत कोडं सोडवताना. काय शांत दिसतात बघ, ऋषीच जणू. फक्त डावीकडे दोरीवर यांची चड्डी वाळतेय. काढताना दिसलीच नाही गं मला. तेवढी कड मुडपून बघ.

लेकाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय. कामावर जातो, येतो, जेवतो. झालं, लिहिलंच.

आई
(सवयीने लिहिलं. खोडावंसं वाटलं नाही.)


१ फेब्रुवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचतंय. तिकिटं हे लावतात. काही विचारत नाहीत, पण नीट चारी कडा दाबून लावतात. लिफ्टचे दरवाजे बसवण्यात जन्म गेलेल्या माणसाला वाकडं काही खपत नाही.

माझं बरं चाललंय, हे तुला खोटं वाटेल म्हणून पुन्हा लिहिते: माझं खरंच बरं चाललंय. दुकानात जायला निघते, तर वाटेत एवढं दिसतं की पाय निघत नाही. काल एका बाईने बाल्कनीत गादी वाळत टाकली होती आणि तिच्यावर मांजराने अशी काही ताणून दिली होती, की बाई गादी उचलायला आली आणि तशीच बाजूला झाली. मी तो फोटो काढला. बाईने वरून विचारलं, "कशासाठी काढताय?" आता हिला काय सांगू? म्हटलं, "आजच्यासाठी." तिला ते पटलं बहुतेक, कारण तिने हात केला.

तो फोटो पाठवते. मांजर मस्त आलंय. बाई मात्र अर्धीच आली. ती डावीकडे उभी होती हे मला छापल्यावर कळलं. फोटोवाली म्हणाली, "काकू, तुमच्या फोटोत एका बाजूला कायम काहीतरी लुडबुडतं." मी म्हटलं, "माझ्या आयुष्यातही तसंच आहे." दोघी हसलो.

दुसरा इस्त्रीवाल्यांचा. वाफेत त्यांचा फक्त चष्मा दिसतोय. हा मला फार आवडलाय.

घरात शांत आहे. पूर्वीही शांतच होतं म्हणा. तुम्ही दोघं कधी भांडला नाहीत. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं. भिंतीपलीकडून एखादं भांडण ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण हा विषय माझा नाही.

आई


२४ फेब्रुवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

या खेपेला तुला माझी फजिती सांगायची आहे.

मालकीणबाईंनी दुकानाला नवा रंग दिला. त्यांना भिंतीवर लावायला सगळ्यांचा एक फोटो हवा होता. म्हणाल्या, "आपल्याकडे फोटोग्राफर असताना बाहेरचा कशाला?" मी इतकी फुगले की सांगू नकोस. सगळ्यांना दुकानासमोर ओळीने उभं केलं, पोटं आत घ्यायला लावली, "हसा" म्हटलं आणि काढला. मालकीणबाईंनी मोठा छापून चौकटीत घालून आणला, कागद फाडला, आणि बघतो तर काय! इस्त्रीवाले फोटोत नव्हतेच! ते डाव्या टोकाला उभे होते. त्यांचं फक्त एक कोपर आलं होतं.

ते दिवसभर इस्त्री अशी आपटत होते की शर्टांनीच माफी मागावी. संध्याकाळी म्हणाले, "वहिनी, इतकी वर्षं या वाफेत उभा आहे. फोटोत कोपर आलं हेही खूप झालं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांना उभं केलं, इस्त्रीवाल्यांना मुद्दाम मधोमध. एकेक चेहरा नीट बघितला. काढताना सगळे दिसत होते गं, शपथ. छापून आला तर डाव्या टोकाची कपडे घरपोच करणारी मुलगी अर्धी कापलेली! आता ती इस्त्रीवाल्यांना म्हणते, "या, आपण दोघं मिळून एक माणूस होऊ." त्यावर ते एकदाचे हसले.

दोन्ही फोटो पाठवते आहे. म्हातारपणी हात हलायला लागला असेल, असं हे म्हणतात. मी म्हटलं, हात हलला तर धूसर येईल, माणसं कशी गळतील? त्यावर हे कोड्यात तोंड घालून बसले. मालकीणबाईंनी आता बाहेरचा फोटोग्राफर बोलावलाय. मला वाईट वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

आई


१४ मार्च

अगं,

आता "सूनबाई" लिहायचं का, असं मी फोनवर विचारलं, तर तू म्हणालीस, "काहीही लिहा, पण उद्याच्या उद्या डोळे दाखवा." म्हणून "अगं" लिहिते. यात सगळं आलं.

त्या दिवशी फोनवर तुझं नाव दिसलं तेव्हा माझ्या हातात कणीक होती. कोपराने बटण दाबलं. मी म्हणतेय, "अगं कशी आहेस?" आणि तू म्हणतेस, "आई, कॅमेरा कुठल्या डोळ्याला लावता?"

"उजव्या. पण तू कशी—"

"आता डावा डोळा मिटा. कुठे उभ्या आहात?"

"स्वयंपाकघरात. फ्रिजसमोर."

"नजर फ्रिजच्या दारावर ठेवा. हलवू नका. डावीकडे काय दिसतं?"

"भिंत."

"भिंतीवर?"

"काही नाही."

"आई, तिथलं कॅलेंडर काढलंत का?"

मी डावा डोळा उघडला. कॅलेंडर होतं. पुन्हा मिटला. नव्हतं. तू पलीकडून "आई? आई?" करत होतीस आणि मी एखाद्या पोरासारखी डोळा उघडत-मिटत होते. भीती नंतर वाटली. आधी नुसतं नवल वाटलं, की एवढं मोठं कॅलेंडर जातं कुठे?

तू दरडावलंस म्हणून दुसऱ्याच दिवशी गेलो. हे आणि तो, दोघंही आले. त्याने रजा टाकली. फोन तुझा होता हे त्याला सांगितलं. वाहन त्यानेच ठरवलं.

दवाखाना सहाव्या मजल्यावर. हे लिफ्टमध्ये शिरले आणि कान टवकारले. "दोरखंड घासतोय. कोण बघतं हो ही लिफ्ट?" सहा मजले माझ्या डोळ्यांची काळजी बाजूला आणि लिफ्टची सुरू. खरं सांगू का, मला तेच बरं वाटलं. घाबरले की यांना यंत्रं ऐकू येतात.

एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसवलं. आत दिवे लुकलुकतात, दिसला दिवा की बटण दाबायचं. मी सपासप दाबत होते. मधे मधे दिवे लागतच नव्हते, तेव्हा निवांत बसले. मला वाटलं, पहिल्या नंबराने पास. मग कागद आला. एका बाजूला काळे ढग जमल्यासारखं. दिवे लागत होते गं. मला दिसत नव्हते.

काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची नाकाकडची बाजू गेली आहे. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, मोकळं बोलतात. म्हणाल्या, "दोन्ही डोळे उघडे असले की डावा डोळा ती बाजू भरून काढतो, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. बहुतेक लोक फार उशिरा येतात. तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हटलं, "आमच्या सूनबाईला फोटोंवरून कळलं."

"सूनबाई डोळ्यांच्या डॉक्टर आहेत?"

"नाही. रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत असते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून."

तो शेजारीच उभा होता. मी "सूनबाई" म्हटलं ते त्याने ऐकलं. दुरुस्त केलं नाही.

गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंबांनी सांभाळता येतं, डावा डोळा तर पुष्कळ चांगला आहे. रोज थेंब घालायचे, कायमचे. मी म्हटलं, रोज एक गोष्ट करायची मला सवय आहे.

त्या दिवशीचा फोटो सोबत आहे. दवाखान्याच्या बाकावर हे आणि तो, एकसारखे हात बांधून बसलेत. डाव्या डोळ्याने काढलाय. जमत नव्हतं, नाक मधे येत होतं. पण दोघंही अख्खे आलेत.

तू कशी आहेस, हे विचारायचं राहूनच गेलं.

आई


२० मे

अगं,

सुखरूप पोचले. गाडीत शेजारच्या बाईंनी मला एवढं खायला घातलं, की घरी येऊन जेवले नाही तर हे रुसले.

तुझ्याकडे चार दिवस कसे गेले कळलं नाही. तोंडावर बोलायला जमलं नाही ते लिहिते. पत्रात मी जरा शूर असते.

पहिल्या दिवशी तू चहाचा कप माझ्यापुढे ठेवलास आणि उभ्या उभ्याच म्हणालीस, "आई, मी परत येणार नाही." किती दिवसांपासून घोकत होतीस गं ते? कपाच्या बशीत चहा सांडला होता. मी म्हटलं, "मी न्यायला नाही आले. फोटो काढायला आले." तेव्हा तू खाली बसलीस. पण एक कबूल करते: गाडीत बसताना माझ्या मनात दोन्ही होतं. तुझी ती खोली बघितली, पिवळे पडदे, खिडकीत वाटीत लावलेली कोथिंबीर, तुझ्या हाताने ठोकलेली फळी, आणि मनातलं एक आपोआप गळून पडलं. आमच्याकडे तू इतकी वर्षं राहिलीस, पण एक खिळाही ठोकला नाहीस. घर तुझं नव्हतं असं नाही. पण तू कायम पाहुणीसारखी पाय जपून टाकायचीस. इथे दाणदाण चालतेस.

पाकिटांचं म्हणालीस त्याचंही वाईट वाटून घेऊ नकोस. माझी पत्रं यायची तशी तू कपाटावर ठेवून द्यायचीस, उघडवतच नव्हती. मग एका सुट्टीच्या दिवशी तिन्ही एकदम उघडलीस आणि सगळे फोटो पलंगावर ओळीने मांडलेस. म्हणूनच तर तुला दिसलं! झाडू, चड्डी, अर्धी बाई, इस्त्रीवाल्यांचं कोपर, सगळी मंडळी एकाच बाजूला. आलं तसं एकेक बघितलं असतंस, तर "आईंचं आपलं काहीतरी" म्हणून हसून ठेवलं असतंस. तुझा अबोलाच माझ्या डोळ्याच्या कामी आला. यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "म्हणजे माझी चड्डी पलंगावर मांडून बघितली तिने!"

प्रयोगशाळेत तू मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलंस ते अजून डोळ्यांसमोर आहे. मी लगेच एक डोळा मिटला, तर तू म्हणालीस, "दोन्ही उघडे ठेवा, आई. नुसतं लक्ष एकात ठेवायचं." दोन्ही उघडे ठेवून एकातच बघणं! आधी टेबल दिसत राहिलं, मग हळूहळू ते विरलं आणि गुलाबी चकत्या वर आल्या. माझंच रक्त. इतकं नीटनेटकं असेल असं वाटलं नव्हतं.

सकाळी सकाळी आपण दोघी नदीच्या पुलावर गेलो, एकाच ठिकाणी उभ्या राहिलो, आणि तू काढलास पाण्याचा, मी काढला पावाच्या गाडीवाल्याचा. मग टेबलाशी बसून बघितले, पूर्वीसारखे. नाही, पूर्वीसारखे नाही. पूर्वी तू माझ्या सगळ्या फोटोंना चांगलं म्हणायचीस. या वेळी म्हणालीस, "आई, हा काही खास नाही." इतकं बरं वाटलं मला!

आता घरचं सांगते. संध्याकाळचे थेंब तोच घालतो. माझे गालावर पडतात, यांचे कपाळावर. थेंब घातले की काही वेळ डोळे मिटून पडून राहायचं असतं. मी तशी पडले, तो खुर्चीत शेजारी बसला. माझे डोळे मिटलेले असले की तो बोलतो, हे मला या दोन महिन्यांत कळलंय. कामावरचं सांगतो, साहेबांच्या नकला करतो. काल नक्कल मधेच सोडली. मग म्हणाला, "कशी आहे ती?"

"बरी आहे."

"खरंच बरी, की तू म्हणतेस म्हणून?"

मी डोळे न उघडता हाताने चाचपून पाकीट त्याच्याकडे सरकवलं. तू खिडकीत बसून पडद्याची कड तोंडावर घेऊन हसते आहेस, तो फोटो वरच होता. कागद वाजल्याचा आवाज आला. डोळे उघडायचा मोह झाला, पण थेंब वाया गेले असते.

थोड्या वेळाने म्हणाला, "खरंच बरी दिसते, आई." आवाज कडू नव्हता. मग पाकीट माझ्या उशाशी ठेवून दिवा लावायला उठला.

हे तुला लिहू की नको, यावर दिवसभर घुटमळले. लिहिलं.

आई


१७ जून

अगं,

घाईत लिहिते, पोस्ट बंद होईल.

तू त्याला फोन केलास हे त्याने सांगितलं. काय बोललात ते मी विचारलं नाही. यांनी विचारलं, त्यांना "सहज" एवढंच उत्तर मिळालं. मात्र त्यानंतर तो शिट्टी वाजवत आंघोळीला गेला.

या रविवारी सकाळपासून खाली जिन्याजवळ खडखडाट चालू होता. मी डोकावले, तर त्याने तुझी सायकल उलटी करून उभी केलेली! तू गेल्यापासून ती जिन्याखाली पडून होती. येता-जाता सगळ्यांना अडत होती, पण हलवायचं कुणाच्याच जिवावर येत होतं. साखळी काढून रॉकेलमध्ये भिजत घातली होती, हात कोपरापर्यंत काळे. हे शेजारी स्टूल टाकून बसले होते आणि न विचारता सूचना करत होते. "ब्रेकचा आवाज बरोबर नाही." "बाबा, ही लिफ्ट नाही." असं दुपारपर्यंत.

मी विचारलं, "विकायची आहे का?"

"नाही. तिला पाठवतोय. प्रयोगशाळा लांब आहे म्हणाली, चालत जाते." मग मान खाली घालूनच म्हणाला, "तिची आहे ना. तिच्याकडे असायला हवी."

त्या दिवसाचा फोटो म्हणून तोच काढला. तो घाम पुसायला गेला आणि कपाळावर तेलाचा मोठा पट्टा उमटला, नेमका तेव्हा. छापून झाला की पाठवेन. मला वाटतं हा खास आहे, पण तू खरं काय ते सांग.

सायकल आजच पार्सलने रवाना केली. पावती पाकिटात आहे. जुनी साखळी भिजवूनही सुटेना, म्हणून नवी घातली आहे, घंटीही वाजते. टायरमधली हवा काढल्याशिवाय ते लोक सायकल घेत नाहीत म्हणे. तेवढी तू भरून घे.

आई